बाटली फिरवत काढायची असते

आई, महिला मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर 'दोन शब्द' लिही, असं अध्यक्षबाईंनी मला सांगितलंय. दोनच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरं झालं, कागद वाचला.

पण मला दोन शब्दांत काही सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आणि अंकाची सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल मीच टाइप करते, त्यामुळे ती मशीनवर चढून तिला शाई लागेपर्यंत मी काय लिहिलंय हे कुणाला कळायचंही नाही. कचेरी सुटलीय. साहेब गेले. ढग खाली उतरून खिडकीला टेकलाय आणि मी खराब झालेल्या कागदांच्या पाठीवर बडवत सुटलेय, त्याच कागदांच्या, जे तुम्ही माझ्याकडून रोज हिशेबाने मागून घ्यायचात. "एका बाजूला लिहून दुसरी बाजू टाकून देतात? मग एकाच बाजूचा कागद का नाही विकत घेत?" मी चिडून बसायचे फक्त.

तर सगळ्याजणी येऊन गेल्या. अळीतल्या, मंडळातल्या, वळवणच्या, झाडून सगळ्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, थोर होत्या हो, काटकसरी होत्या, संसार कसा करावा तर त्यांनी. मी चहा देत होते आणि मनात म्हणत होते, बोला, बोला. ह्याच त्या बायका. ह्यांच्यातलीच एक हळदीकुंकवाला आपल्या घरी बसून, आपल्याच वाटीतली आंब्याची डाळ खात म्हणाली होती की ह्यांच्या दारात काही टाकायची भीती वाटते बाई, उद्या ताटात येईल. सगळ्या खिदळल्या होत्या. तुम्ही तिला आणखी डाळ वाढलीत. मला तेव्हा तिची कीव आली नाही आणि आत्ताही येत नाही. नवीन डबे, नवीन पडदे, प्लॅस्टिकची फुलं, आणि त्या फुलांवरची धूळ पुसायला नवीन फडकं. ह्यांच्या घरात एक वस्तू म्हातारी झालेली दिसायची नाही. वस्तूला म्हातारी होऊ देतील तर ना.

आणि ते तुंगार्लीच्या बंगल्यांतले. त्यांच्याबद्दल तर मला लिहायचीही लाज वाटते. शनिवारी मुंबईहून मोटारीतून येतात, रविवारी संध्याकाळी जातात, आणि तेवढ्यात इतकं टाकून जातात की माळ्याच्या बायकोला सोमवार पुरत नाही आवरायला. अर्धा पाव, उसवलेल्या खुर्च्या, एकच पट्टा तुटलेल्या चपला. काय तोडायचं, काय जोडायचं, ह्यातलं फक्त पहिलं येतं त्यांना.

तिथूनच तर ती बाटली आली.

थांबा, हे नीट सांगते, कारण हे सगळ्यांना कळलंच पाहिजे. मी लग्न होऊन पुण्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर ब्रँडीची बाटली. लखलखीत घासलेली. मी तिथेच उभी. सासरे तर जाऊन काही वर्षं झालेली. म्हणजे हे? की तुम्ही? कुणाला विचारायची सोय नाही. चहा पिताना मी ह्यांच्या तोंडाचा वास घ्यायला बघतेय आणि हे लाजताहेत, त्यांना वाटतंय बायको प्रेमळ मिळाली.

मग तुम्ही पदर खोचलात. गोड्या तेलाचा मोठा डबा पुढे ओढलात, ज्याला खालच्या अंगाला भोक पाडलेलं होतं. त्या भोकातून एक दांडकं आत सरकवलंत, डब्याच्या मधोमध ती ब्रँडीची बाटली राख लावून उभी केलीत, आणि तिच्याभोवती लाकडाचा भुसा ओतून ठासायला लागलात. मूठभर भुसा, ठासा. मूठभर भुसा, ठासा. वरपर्यंत. मग दोन्ही हातांनी बाटली धरलीत आणि ती हळूहळू गोल फिरवत वर काढलीत, दांडकं बाहेर ओढलंत, आणि भुश्यात एक गोल, सरळ, गुळगुळीत भोकच उरलं. खालून पेटवलंत. थोडा धूर, आणि मग आतल्या आत शांत निखारा. सकाळचा चहा, डाळ, भात, आंघोळीचं पाणी, सगळं त्याच्यावर. पाऊस असला की शेवटी डब्यावर टोपली पालथी घालून तिच्यावर ह्यांच्या विजारी. लोणावळ्यात चार महिने काही वाळत नाही. आपल्या घरात वाळायचं, फक्त सगळ्यांच्या कपड्यांना होळीसारखा वास यायचा. कचेरीत मला पलीकडच्या टेबलावरची रोज विचारायची, कुठे जळतंय का गं. मी म्हणायचे, तुझं.

ती बाटली तुम्ही स्वतः जाऊन, बंगल्यामागच्या ढिगातून, वितीने मोजून आणली होतीत. सरबताची जाड पडते, रॉकेलची आखूड. ही बरोब्बर. आणि अध्यक्षबाईंनी ती हळदीकुंकवाला फळीवर पाहिली, नि आठवड्यात अळीभर झालं की म्हातारी घेते. मी तणतणत घरी आले. म्हटलं, जाऊन सांगते एकेकीला. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "वाटू दे गं. तेवढाच विरंगुळा बायांना."

आता आपल्या भांडणावर येते. ते अर्धंच राहिलंय.

माझं म्हणणं असं होतं, की तुम्हाला ह्या सगळ्याची मजा येते. तुमचं म्हणणं, मजा कसली, गरज आहे. आई, गरज कुठे होती? ह्यांचा पगार होता, माझा होता. मी हे तोंडावर म्हटलंसुद्धा होतं. तर तुम्ही म्हणालात, "मग पगार घाल शेगडीत. बघू किती वेळ जळतो."

त्या छत्रीचंच घ्या. सासऱ्यांची छत्री, वाऱ्याने उलटी झालेली. तिच्या कापडाची माझ्या कचेरीच्या कागदांसाठी पिशवी झाली. काड्यांवर कणसं भाजली. मुठीचा आकडा बांधलात काठीला, मागचे पेरू ओढायला. राहिलं ते खालचं एवढंसं पत्र्याचं टोपण. मी विचारलं, ह्याचं काय? "असू दे." वर्षभर ते डबीत. आणि मग तुमच्या हातातल्या काठीचं टोक झिजलं, घसरायला लागली, तेव्हा तुम्ही डबी उघडलीत आणि ते टोपण काठीला बसवलंत. बसलं. जसं काही त्याच्यासाठीच जन्मलं होतं. आणि तुम्ही ओसरीवर एकट्या, ती काठी फरशीवर दोनतीनदा आपटून आवाज ऐकलात आणि हसलात. कुणी बघत नाही असं समजून. मी दारात होते. म्हटलं, "बघा, मजा आली. मी पाहिलं."

"कुठे हसले? डोळ्यांत भुसा गेलाय," म्हणालात.

आणि त्या दिवशी तर शेगडी भरायचीही बाकी होती.

मी कधीच तुमच्या बाजूची नव्हते, हे इथे लिहून ठेवते, नाहीतर लोक मला चांगली सून म्हणतील. मला गॅस हवा होता. मी नंबर लावला होता. मला तो डबा, तो भुसा, कोनाड्यातली सुतळीची भेंडोळी, काही नको होतं. भुसा ठासायला शिक म्हणालात तेव्हा मी म्हटलं, मी टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेय, मला ठासायला शिकायचं नाहीये. आणि गॅसचा नंबर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, मी असेपर्यंत ह्या घरात सिलिंडर यायचा नाही. मी म्हटलं, बरं. तुम्हाला त्याचाच राग आला. तुम्ही भांडणाची तयारी करून बसला होतात, पदर-बिदर खोचून, आणि मी नुसतं बरं म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, जिना चढू नका, डबे उचलू नका. तुम्ही म्हणालात, "अजून चालतंय की." शेगडीबद्दल म्हणायचात त्याच आवाजात. आणि श्रावण लागताना एका दुपारी ते चालेनासं झालं. मी कचेरीत होते. ह्याच खुर्चीवर.

ह्याच्यापुढचं लिहीत नाही. पुढच्या रागाकडे जाते.

मुंबईहून वन्सं आल्या. तुमची लेक, माझी नणंद, तुमच्यावर माझ्याआधीचा हक्क, म्हणून मी गप्प. रडून झाल्यावर त्यांनी घर आवरायला काढलं. आईने जन्मभर उकिरडा साठवला, आता तरी घर घरासारखं दिसू दे, असं म्हणत त्यांनी डब्या, चिंध्या, बटणं, सुतळी, सगळं मागच्या उकिरड्यावर नेऊन ओतलं. तुमची काठीसुद्धा. ती मी हळूच परत आणली. तेराव्याला गुरुजी येणार, मंडळाच्या बायका येणार, तर घर कसं दिसेल ह्याच काळजीत त्या. त्यांच्या सुटकेसमध्ये नवीन टेबलक्लॉथ होता. आपल्याकडे टेबल नाही, तो त्यांनी ट्रंकेवर घातला.

तेराव्याला पाऊस असा, की समोरचं घर दिसेना. रॉकेलच्या दुकानाला आठवडाभर कुलूप. होतं नव्हतं ते दोन स्टोव्हमध्ये ओतलं होतं. लाडू झाले, आमटी झाली, भाजी झाली, आणि भाताचं आधण ठेवायला गेले तर एक स्टोव्ह फुसफुसून विझला आणि दुसरा त्याच्यामागोमाग. पानं मांडलेली. आत गुरुजी, बाहेर माणसं, भात नाही. शेजारी मागायला गेले तर त्यांच्याकडेही तळ दिसत होता.

अध्यक्षबाई दारातच होत्या. त्यांना अशा वेळचा वास येतो. म्हणाल्या, "अगं, एवढं काय त्यात? आमच्याकडे गॅस आहे. काडी लावली की झालं. गड्याला पातेलं दे, भात तिकडून येईल. आईंना तेवढीच शांती."

वन्संनी पातेलं उचललंसुद्धा. आणि आई, मला एकदम दिसलं, तुमच्या तेराव्याचा भात त्या बाईच्या ओट्यावर रटरटतोय, जिने तुम्हाला दारू पाजली अळीभर, आणि वर्षभर ती सांगणार, शेवटी आमच्याच गॅसवर झालं हो सगळं. मी म्हटलं, नको. भात इथेच होईल.

"कशावर?" त्या म्हणाल्या. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले, आणि ते रडायला नव्हते.

कशावर ते मलाही माहीत नव्हतं. शेगडी होती, डबा जड म्हणून वन्संना हलला नव्हता. पण भुसा तुमच्या आजारात संपलेला. तेवढ्यात मागचं दार वाजलं. धोंडाबाई. टाकव्याच्या वरच्या वाडीतली, तुम्हाला दर महिन्याला कामशेतच्या वखारीतून भुश्याचं पोतं आणून द्यायची आणि बदल्यात चिंध्यांची गोधडी न्यायची ती. इरलं डोक्यावर नव्हतं. इरलं पोत्यावर होतं. ती नखशिखांत भिजलेली आणि पोतं कोरडं.

"म्हातारी कुटं हाय?" तिने विचारलं.

तिला कुणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार, मलाही सुचलं नाही. मी सांगितलं. ती पोत्यावरच बसली. मग म्हणाली, "मला म्हनली हुती, श्रावनात आनशील तवा कोरडा आन. म्या आनला की."

मग मी पदर खोचला. तिला म्हटलं, धोंडाबाई, भुसा ठासता येतो का तुला? तर ती म्हणे, "न्हाई बाय. आमाला तीन दगड पुरं. ह्ये तुमच्या म्हातारीचं येड." म्हणजे ह्या अख्ख्या मावळात ते येणारी एकच बाई होती आणि तिच्याच तेराव्याला तिची गरज.

फळीवर हात घातला. बाटली नाही.

वन्सं म्हणाल्या, "देवाशेजारी ती दारूची बाटली ठेवायची होती का गुरुजी यायच्या वेळी? टाकली मी. काल."

मी लाटणं उभं धरून ठासलं. लाटणं सरळ उपसलं, भोक बारीक पडलं, पेटवलं तर गुदमरलं, आणि असा धूर झाला की गुरुजी मंत्राच्या मध्ये खोकायला लागले आणि माणसं ओसरीवर पळाली. मग सगळं आत ढासळलं. अध्यक्षबाईंचा गडी आत येऊन पातेल्याकडे बघत उभा. वन्सं म्हणाल्या, झाली ना हौस, दे आता.

मी मागच्या दाराने बाहेर पडले.

आई, मी माहेरहून आलेल्या कोऱ्या साडीत उकिरड्यात उतरले. जिथे तुम्ही वाकलात की मी मान फिरवून दुसऱ्या रस्त्याने जायचे, तिथे. पाऊस डोक्यावर, पाय घोट्याच्या वर रुतलेले, आणि मी दोन्ही हातांनी उपसतेय, पत्रावळी, तुमच्या बटणांची डबी, झेंडू. वन्सं दारातून ओरडत होत्या की आत्ता कुठे सुतक फिटलंय, तुला परत न्हावं लागेल. मागची भिंत बायकांनी भरली होती. बघू दे. मला एवढी ऊब कधी वाटली नव्हती, खरं सांगते. धोंडाबाई इरलं घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर धरून उभी राहिली.

ती खाली होती, ओल्या चिंध्यांमध्ये. चिंध्यांमुळेच फुटली नव्हती. तुमच्या चिंध्या.

मी मागच्या दाराने आत आले नाही. वळसा घालून पुढच्या दाराने आले, ओसरीवरून, सगळ्या पाहुण्यांमधून, चिखलाने भरलेली ब्रँडीची बाटली हातात धरून, आणि अध्यक्षबाईंसमोर थांबले. म्हटलं, "हीच ती. आई हिच्यातून काय घेत होत्या ते बघायला या."

आल्या. सगळ्या आल्या. इतकी वर्षं बोलत होत्या आणि बघायला एकदाही आल्या नव्हत्या, म्हणजे बघा. मी डबा रिकामा केला, खालून दांडकं सरकवलं, बाटली धुतली, राख लावली, उभी केली. मूठभर भुसा, ठासला. मूठभर, ठासला. किती घट्ट ते माझ्या डोक्याला माहीत नव्हतं, पण माझ्या कानांना माहीत होतं. रोज सकाळी अंथरुणात पडून, वैतागून, तोच आवाज तर ऐकला होता मी. धप्प नाही, ठक्क नाही, मधलं काहीतरी. तो आवाज येईपर्यंत ठासलं. मग दोन्ही हातांनी बाटली धरली. सरळ ओढायची नाही. फिरवत, फिरवत. बाटली सुटली.

आणि भोक उभं राहिलं. गोल, काळं, गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत. मी त्यात वाकून बघत बसले. दांडकं ओढलं, खालून चिंधी पेटवून लावली, थोडा धूर आला, आणि मग ते आतून लाल झालं आणि घुमायला लागलं, तुमच्या शेगडीसारखं, मांजर पोटात गुरगुरतं तसं. मी आधण ठेवलं. गडी रिकाम्या हाताने परत गेला.

"हसतेस काय गं?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आज तेरावं आहे."

म्हटलं, "कुठे? डोळ्यांत भुसा गेलाय."

भात जरा धुरकट झाला. सगळ्यांनी दोनदा घेतला. अध्यक्षबाईंनीसुद्धा, आणि घरी जाताना म्हणाल्या की चवीला वेगळाच लागतो नाही. वन्सं टेबलक्लॉथ घेऊन मुंबईला गेल्या. धोंडाबाई गोधडीशिवाय परत जाईना, तिला तुमची स्वतःची दिली.

आता तुम्ही लगेच जिंकले-बिंकले असं समजू नका. गॅस येणार आहे. मी सोडणार नाही, वचनही तुमचंच होतं, तुम्ही असेपर्यंतचं. ओट्यावर सिलिंडर बसेल, मी काडी लावीन, आणि कपड्यांना होळीचा वास येणं बंद होईल. पण बाटली फळीवर आहे, देवाशेजारी. धोंडाबाईला म्हटलंय, भुसा आणत जा, कोरडा. कशाला, ते तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी गरज म्हटलं असतं.

बघा, तुमचंच खोटं माझ्या तोंडात आलं. म्हणून ते भांडण आता मी एकटीच संपवते. गरज नव्हती आई. तुमचीही नव्हती.

कागदाची पाठ संपत आली. अध्यक्षबाईंना तुमच्यावर दोन शब्द हवे होते, आणि ते मला त्या भोकात वाकून बघताना सापडले. घ्या.

मजा आली.